शून्य नंबरची जागा

हॅलो? … हां आई, बोल. … नाही गं, झोपले नव्हते, आडवी झाले होते नुसती. … रविवारच्या दुपारी अमरावतीत माणूस आडवा होणार नाही तर काय करणार?

बाबा? … तेल्हाऱ्याला गेले. तुरी काढून राहिले का अजून? … म्हणजे तू एकटीच. जेवलीस? … काय जेवलीस? … आई, चहा-टोस्टला जेवण म्हणत नाहीत. … भाकर होती तर खायची ना मग.

हं, सांग. … तुमच्या वाचन मंडळात नवीन बाई आल्या. … जमुनाबाई. परतवाड्याच्या. … चांगलं झालं की. वाचतात का पण? … हळूहळू वाचतात. वाचू दे, महिना असतो हातात.

अगं, पण एक विचारू? प्रत्येकीनं महिनाभर एक पुस्तक ठेवायचं आणि एक तारखेला पुढच्या घरी द्यायचं, एवढंच ना तुमचं? मग त्याला सी-मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम काहून लागतो? वहीत लिही की. … माहीत आहे. माहीत आहे, आई. पॉलिटेक्निकला जन्मभर सी शिकवलं आणि आता वह्या भरू का. ऐकलंय मी हे.

… कोण? … विद्यार्थी? कुठे भेटला? … भाजी बाजारात. … आणि काय म्हणाला? … अजून आठवतं म्हणाला. (अगं, हसू नको, मलाही सांग.) … हां. हां. नवीन नाव टाकायला फाईल 'डब्ल्यू-बी'नं उघडली आणि सगळी आधीची नावं साफ. … आणि तू वर्गात म्हणालीस, पाहुणा आला म्हणून घर पाडून ठेवलं यानं. … बिचारा. इतकी वर्षं तेवढंच लक्षात राहिलं त्याच्या.

… मला? मला बरंच लक्षात आहे. शाळेला सुटी असली की तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसवायचीस ना मला. … प्रत्येकाला सारखी खोली, असं म्हणायचीस. नाव छोटं असो की मोठं, खोली तेवढीच. छोट्या नावाच्या मागे जागा उरते, तिथे काय असतं ते विचारायचं नाही. … मला तिथे भूत राहतं असं वाटायचं. … खरंच. खूप दिवस वाटायचं.

… आणि मंडळाच्या यादीत तुझा नंबर शून्य. … मोजणी शून्यापासून, हो. … बाबा अजून चिडवतात? … 'सगळ्याईत हुशार अन् नंबर शून्य, मॅडम.' … तू काही म्हणत नाहीस का त्यांना? … हसतेस. बरं.

पुस्तकं आणते मी, पुढच्या फेरीला. … जाड नको? … माणिक काकू पडल्यापडल्या वाचतात, छातीवर पेलत नाही त्यांना. … आई, पुस्तक वजनावर आणू का आता?

… काय खाऊन राहिले? संत्रं. … हो, शेंदूरजन्याची पेटी आली, पोचली तुझी. शेजारी दिली अर्धी. … वास येतो तुला? फोनमधून कसा येईल? … बरं, येतो म्हणतेस तर येतो.

… काय बघून राहिली तू? … चिंचेवर पोपट. … किती? … नको, मोजू नको, बस नुसती. … … … नाही, आहे मी. ऐकत होते. … तुझं नाही, पोपटांचं. येतात ना ऐकू.

… हो, रविवारी येते. पुढच्या. … ठेव गं. … आधी तू ठेव.

पुढच्या रविवारी रागिणी गावंडे अकोल्याला आईच्या घरीच होती, पण ते घर तिच्या ओळखीचं राहिलं नव्हतं. मंगळवारी दुपारी तिची आई, दुर्गा मॅडम, जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. नातेवाइकांना, तिच्या कॉलेजला, मॅडमच्या जुन्या सहकाऱ्यांना, सगळ्यांना फोन भावानं केले. रागिणी आल्यागेल्याला पाणी देत राहिली आणि चादरींच्या घड्या घालत राहिली. अमरावतीला परतल्यावर रजेच्या अर्जात तिनं 'घरगुती कारण' एवढंच लिहिलं. ती मराठी शिकवायची, शब्दांची तिला कधी चणचण नव्हती, पण याबद्दल बोलायची वेळ आली की ती 'ते झालं तेव्हापासून' म्हणायची आणि समोरचा मान हलवायचा.

पोपट येऊन गेले. चिंचा पाडून झाल्या. ऊन तापायला लागलं. मार्च लागला त्या दुपारी तिचा डोळा लागत आला होता आणि मोबाईल वाजला. झोपेत तिनं नाव वाचलं. 'आई' असं आलं होतं. तिनं ते पुन्हा वाचलं, आणि उचलला.

हॅलो? …

… बाबा. … हो, तुम्हीच असणार. … नाही, घाबरले नाही. तिच्या फोनवरून केला ना तुम्ही, तिचं नाव आलं वर. … असू द्या. करत जा यावरूनच. सांगा, काय झालं?

… हळू बोला. … आईचा कॉम्प्युटर लावला. बरं. … माणिक काकू येऊन राहिल्या पाच वाजता, यादी न्यायला. … हो, एक तारीख आहे नाही का आज. … फेब्रुवारीत कोणीच पुस्तक हलवलं नाही? … हं. थांबल्या सगळ्या. … आता म्हणतात, करू सुरू. … चांगलं आहे, बाबा. तिलाही तेच आवडलं… हं. … मग?

… सगळ्यांची मुंडकी उडाली? म्हणजे? … बाबा, तुम्ही नीट वाचा, काय दिसतं ते. एकेक अक्षर. … आय, के, बी, ए, आय. 'इकबाई'. … ही कोण इकबाई? … खाली? … एम, ए. नुसतं 'मा'. … त्याच्या खाली? … यू, एन, ए. उना. … थांबा. थांबा जरा. … इकबाई म्हणजे माणिकबाई. 'मा' म्हणजे सीमाताई असेल. जमुनाची 'उना' झाली. … बाबा, इंग्रजीतली पुढची तीन तीन अक्षरं गेली सगळ्यांची. बाकीच्यांचंही तसंच? … हं. … आणि आईचं? सगळ्यात वर, शून्य नंबरवर? … बरोबर आहे. … पूर्ण आहे. एकटीचंच.

… तुम्ही काही केलं का? … रागावत नाही. … मी कधी रागावले तुमच्यावर? … बरं, रागावले असेन. आता नाही रागावत. बोला.

… फाईल उघडली. प्रोग्रॅममधून नाही, सरळ. नोटपॅडमध्ये. … काहून पण? …

… तिचं नाव पाहायला.

… हं. … नाही, बरोबर केलं. मीही बघते काय काय. … सांगा ना पुढे. … सगळे चौकोन अन् रेघोट्या, 'पऱ्हाटीवर रोग पडल्यावानी'. आणि मधे मधे नावं. … अहो, ती फाईल माणसानं वाचायची नसतेच. बायनरी असते ती. आकडे मेमरीत जसे असतील तसेच उचलून ठेवलेले असतात, म्हणून आपल्याला वाचता येत नाहीत. नावं तेवढी दिसतात. … हो, तसंच. रात्री एसटीतून येताना गावं दिसतात तसं.

… काय होतं? … आईच्या नावामागे कोणी 'राव' लिहून ठेवलं होतं? … दुर्गा, मग थोडी जागा, मग आर-ए-ओ. … 'आमच्या मॅडमले राव कोनं केलं.' … हसत नाही, बाबा. … हसले थोडी. … आणि ते तुम्ही खोडलं. … तिच्या नावाला ठिगळ नको म्हणून. … आणि सेव्ह केलं. … हं.

… नाही हो. तुम्हाला कसं माहीत असणार? ती असती तर तिनंही… ऐका, मी सांगते काय झालं ते. संत्र्याची बाग लावताना दोरी मारतात ना? सारख्या अंतरावर खुणा करून? … हां. प्रोग्रॅम तशी दोरी मारत जातो. तो नावं शोधत नाही, अंतर मोजतो. एवढं अंतर चाललं की माणिकबाई, अजून तेवढंच चाललं की सीमा. तुम्ही पहिल्या झाडापाशी तीन बोटं जमीन काढून घेतली. मग मागची सगळी बाग तीन बोटं पुढे सरकली, आणि दोरी होती तेवढीच. … बरोबर. खूण झाडावर येईना, बाजूला पडते. … हो. …

'एकीजवळचं गेलं अन् सगळ्या सरकल्या.' … हो, बाबा. तसंच झालं.

… ते 'राव' ना? मीही तोच विचार करून राहिले. … फोन ठेवू नका. … आई प्रोग्रॅम लिहिला की आधी कोणतंही एक नाव टाकून पाहायची, चालतो की नाही ते. मग तीच जागा पुन्हा वापरून खरी नावं भरायची. दुसरं नाव छोटं असलं तर पहिल्याचं शेपूट तसंच राहतं मागे. प्रोग्रॅमला ते दिसत नाही, नाव संपल्याची खूण आली की तो थांबतो. नोटपॅड थांबत नाही, त्यानं दाखवलं. … आईच्या आधी दुसरं कोणाचं तरी नाव होतं तिथे. …

बाबा, पेपर आहे का जवळ? त्याच्या कडेला लिहा. पंजाबराव. … हो, तुमचंच नाव, इंग्रजीत. … लिहिलं? … आता त्याच्या खाली दुर्गा लिहा, अक्षराखाली अक्षर. … पुढचं एक घर कोरं सोडा, ती नाव संपल्याची खूण. … आता वरच्या ओळीत काय उरलं? … मोठ्यानं वाचा ना. …

… आर, ए, ओ.

… हो. तुमचंच. … छे, लपवून कशाला ठेवेल? तिला माहीतही नसणार ते उरलंय म्हणून. प्रोग्रॅम लिहून झाला, काही तरी नाव टाकायचं होतं, हाताशी आलं ते टाकलं. … हो. तेच आलं हाताशी.

… पाणी प्या. … मी आहे. … प्या तुम्ही आरामात. …

… तो आवाज कशाचा? कूलर लावला का? … एवढ्यात? … खस नवीन आहे वाटतं. … इकडेही तापून राहिलं. रस्त्यावर कोणी नाही. मला अर्धवट झोपेतच आहे असं वाटतं अजून, बाबा. तुम्ही त्या खोलीत बसले, ती मागे उभी आहे आणि तुम्हाला सांगते, माऊस असा नका धरू, विळा नव्हे तो. … धरलाय ना तसाच? … वाटलंच मला.

… हो, ती अक्षरं परत टाकून पाहता येईल, पण नोटपॅडनं मधल्या रिकाम्या जागांचं काय केलं असेल, सांगता येत नाही. कोणाकडे कोणतं पुस्तक, ते सगळं आकड्यांत आहे. … घाबरू नका. एक करा. त्याच फोल्डरात 'जुने' म्हणून काही आहे? … इंग्रजीत बघा. जे, यू, एन, ई. … जून महिना नव्हे हो, जुने. … सापडलं. उघडा. … आहे ना तिथे तशीच फाईल? कॉपी करा. … बाहेर या. पेस्ट. … विचारेल तो, आधीची बदलू का म्हणून. हो म्हणा. … म्हणा, बाबा. काही होत नाही.

आता तिच्या प्रोग्रॅमची ती काळी खिडकी उघडा. एक दाबा. … वाचा. … दुर्गा. … माणिकबाई. … सीमा. … जमुना पण आहे? … म्हणजे त्या रविवारी नाव टाकल्यावर ठेवली तिनं ही कॉपी. … सगळ्या आल्या? मुंडक्यांसकट? … छान.

… हो, तुमचं 'राव'ही आलं असेल परत. पाहायला जाऊ नका. आहे असं समजा.

… काय? … या महिन्याचं पुस्तक तिच्या नावावर आलं. … प्रोग्रॅमला काय माहीत, बाबा? पाळी आली, दिलं त्यानं. … माणिक काकू म्हणाल्या का असं? … 'मॅडमचं नाव काढून टाका भाऊ, नाही तं आपण व्हॉट्सॲपवरच करू.' … त्या वाईट नाहीत. त्यांनाही दर महिन्याला ते नाव वाचणं सोपं नसेल.

… कसं काढायचं? … या फाईलीतून एक नाव काढता येत नाही. … खरंच नाही. एकीला काढायचं तर बाकीच्या सगळ्यांना एकेक करून नव्या फाईलीत न्यायचं. तिला तेवढं मागे सोडायचं. आणि मग जुनी फाईल पुसून टाकायची, नवीला तिचं नाव द्यायचं. … हो, तीच शिकवायची. फळ्यावर बाण काढून. … 'मी नाही करत तसं.' … मलाही नाही करता येणार.

… दुसरं आहे ना. त्याच जागी दुसरं नाव लिहायचं. कोणीच हलत नाही मग. तीन नंबरचा पर्याय, 'बदल'. … कोणाचं लिहायचं पण?

… तुमचं?

… तुम्ही वाचणार? बाबा, तुम्ही बाजारभाव सोडून काय वाचलंय आजपर्यंत? … पेरणीचं पंचांग. बरं, ते धरू. … … 'तिची पाळी आली तं मी वाचतो. दारात आलेलं पुस्तक मी काहून परत धाडू?' … … हं. … नाही, काही नाही. वाचा तुम्ही.

… बाबा, एक सांगायला पाहिजे मी. तुमचं नाव लांब आहे. … म्हणजे तिच्या नावामागे तुमचं थोडं उरलं होतं. तुमच्या नावाखाली तिचं काही उरणार नाही. एक अक्षरही नाही. … हो. … 'जुने'मध्ये राहील ती, तिथे हात लावू नका कोणाला. पण चालू फाईलीत नाही. … नंतर कळलं असतं तुम्हाला तर वाईट वाटलं असतं, म्हणून आधी सांगते. …

… 'जागा तं तेच राहीन नं?' … हो, बाबा. जागा तीच.

… ठरलं तुमचं? … मी रविवारी येते, तेव्हा करू का? … आजच. बरं. आजच.

तीन दाबा. … नंबर विचारतो? शून्य. … आता तिचं नाव दाखवेल आणि नवीन मागेल. … टाका. पी. … ए. … घाई नाही, काकू थांबतील. … एन. … जे, हां. … ए. बी. … … आर. … ए. … ओ. … झालं. एन्टर राहिलं फक्त.

… … दाबलं? … काहून थांबले? … …

हं. … …

'तूच म्हन काही. मास्तरीण आहे तू.' … काय म्हणू, बाबा? … … मलाही नाही जमत. तुम्ही 'ते झालं तेव्हा' म्हणता, मीही तेच म्हणते. दादानं सगळ्यांना सांगितलं, मला कोणाला सांगावंच लागलं नाही. … समोरच्या देशमुख काकूंना तर माहीतच नाही. परवा जिन्यात विचारलं त्यांनी, आई कशी आहे म्हणून. … मी म्हटलं, बरी आहे. … हो, तसंच म्हटलं. आणि वर येऊन भात लावला.

… तुमच्याकडे बेल वाजली का? … काकूच असतील. 'येऊन राहिलो' म्हणा तिथूनच. … म्हटलं? … बोट एन्टरवर ठेवा. दाबू नका अजून. … मी म्हणते. मी म्हटलं की तुम्ही दाबा, मग फोन ठेवा आणि दार उघडा. … हो, ऐकतेय मी. तुम्ही ऐका.

…

बाबा, आई गेली.